पुठ्ठ्याच्या फळीचे बळ

पुठ्ठ्याची फळी एकदम मोडत नाही. आधी ती झोळ धरते. पहिल्या दिवशी माल लावला तेव्हा सरळ असलेली फळी आठवड्याभरात मध्यभागी बोटभर खाली येते, तिच्यावरच्या बाटल्या एकमेकींकडे कलतात, आणि एखाद्या सकाळी कडेची जीभ खाचेतून निसटून वरचा कप्पा खालच्यावर बसतो. माल तेवढाच असतो, फळीही तीच. बदललेले असते ते इतकेच, की तिने किती दिवस ओझे वाहिले आणि तेवढ्या दिवसांत हवेतला किती ओलावा प्यायला. दुकानदार ‘पुठ्ठा हलका दिला’ म्हणून कारखान्याला बोल लावतो आणि पुढच्या वेळी जाड पुठ्ठा मागतो. जाडी वाढवणे हा मात्र फळी बळकट करण्याचा सर्वांत महागडा आणि बऱ्याचदा सर्वांत कुचकामी मार्ग आहे.

नाशिकच्या मेन रोडवर, कॉलेज रोडला, गंगापूर रोडच्या मोठ्या किराणा दुकानांत नवरात्र संपता संपता असे पुठ्ठ्याचे रॅक येऊन उभे राहतात. उटणे, सुगंधी तेल, अगरबत्ती, चॉकलेटचे डबे, मनुके-बदामाची पाकिटे. कंपनीच्या रंगात छापलेले चार-पाच कप्पे. रॅक चपटा घडी होऊन येतो, एक माणूस बगलेत धरून नेऊ शकतो, हत्याराशिवाय उभा राहतो आणि दिवाळी सरली की रद्दीत जातो. लोखंडी किंवा प्लायवूडच्या मांडणीपुढे त्याची बाजू भक्कम आहे ती याच कारणाने: वाहतूक स्वस्त, छपाई देखणी, परत नेण्याची कटकट नाही. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली, तेव्हापासून गणपतीच्या मखरांसकट पुष्कळशी सजावट पुठ्ठ्याकडे वळली. पण मखरात बसणारी मूर्ती दहा दिवसांची पाहुणी, आणि तिच्याखाली बहुधा लाकडी पाट असतो. दुकानातल्या फळीला महिना-दीड महिना रोज माल पेलावा लागतो.

फळीचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागदांच्या मध्ये चिकटवलेला नागमोडी कागद. धंद्यात त्याला कोरूगेटेड म्हणतात. वरखालच्या सपाट कागदाला लायनर आणि नागमोडीला फ्लूट. हा प्रकार जन्मला तो माल पेलण्यासाठी नव्हेच. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी नागमोडी कागदाचे पेटंट घेतले ते उंच हॅटच्या आतल्या अस्तरासाठी. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तोच कागद बाटल्यांभोवती गुंडाळायला वापरला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने त्याच्या एका बाजूला सपाट कागद चिकटवला. नागमोडीला पाठ मिळाली आणि ती पसरायची थांबली. दुसऱ्या बाजूलाही कागद लागला तेव्हा आजचा ‘तीन प्लाय’ तयार झाला. त्यावर आणखी एक नागमोडी आणि आणखी एक लायनर चढवला की पाच प्लाय.

नाशिकला हा पुठ्ठा परका नाही. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांना खोकी लागतात, आणि द्राक्षांना तर लागतातच. पेठच्या रस्त्याने घाट उतरून गेले की वापी, आणि वापी हे रद्दीपासून खोक्यांचा क्राफ्ट कागद करणाऱ्या गिरण्यांचे मोठे केंद्र आहे. म्हणजे कच्चा मालही हाताशी. जानेवारी ते एप्रिल या हंगामात निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसमधून निर्यातीची द्राक्षे साडेचार-पाच किलोच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून निघतात. शून्य अंशाच्या आसपास, ९० टक्क्यांवरच्या आर्द्रतेत, एकावर एक रचलेली ही खोकी कित्येक आठवडे समुद्रावर काढून रॉटरडॅमला पोहोचतात आणि तळचे खोके दबलेले चालत नाही. फळीच्या बाबतीत जे काही शिकायचे, ते नाशिकमध्ये द्राक्षाच्या खोक्याने आधीच शिकवून ठेवले आहे. दिवाळीचे रॅक आखणाऱ्यांनी तिकडे पाहायला हवे. त्यांची नजर मात्र छपाईवर असते.

फळीवर वजन ठेवले की ती मध्ये वाकते. वाकताना तिचा वरचा कागद दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. नागमोडीचे काम त्या दोघांना एकमेकांपासून ठराविक अंतरावर धरून ठेवणे. ताठपणा येतो तो या अंतरातून. कागद तेवढाच ठेवून दोन लायनरमधले अंतर दुप्पट केले तर ताठपणा चौपट होतो. म्हणूनच फ्लूटच्या उंचीला महत्त्व आहे. ‘ई’ फ्लूट जेमतेम दीड मिलिमीटरचा. त्यावर छपाई सुंदर उठते, पण फळीसाठी तो कामाचा नाही. ‘बी’ सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर, ‘सी’ साडेतीन ते चार, ‘ए’ पाचच्या आसपास. देखण्या छपाईच्या मोहापायी सगळा रॅक ‘ई’ फ्लूटमध्ये काढणे ही या धंद्यातली नेहमीची चूक आहे. दर्शनी पाट्या ‘ई’च्या आणि फळ्या ‘बी’ किंवा ‘सी’च्या ठेवल्या की दोन्ही साधते.

समजा एक फळी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर खोल, तीन प्लाय, ४ मिलिमीटर जाड, लायनर पाव मिलिमीटरचे. डावी-उजवी बाजू टेकलेली, मध्ये आधार नाही. ही फळी पाच प्लायची केली तर जाडी साडेसहा-सात मिलिमीटर होते आणि ताठपणा साधारण तिप्पट. कागद मात्र दीडपटीहून जास्त लागतो. आता उलट करून पाहावे. फळी तीन प्लायचीच ठेवली आणि पुढच्या कडेला ४ सेंटिमीटरची पट्टी काटकोनात खाली दुमडली. ही उभी पट्टी एकटीच, हिशेबाने, ३० सेंटिमीटर रुंदीच्या सपाट फळीच्या पाचपट ताठ असते. तिला कागद लागला फळीच्या सातव्या हिश्श्याइतका. मागच्या कडेलाही तशीच पट्टी दुमडली की दहापट. पट्टीची उंची दुप्पट, म्हणजे ८ सेंटिमीटर, केली तर तिचा ताठपणा आठपट होतो, कारण उभ्या पट्टीचा ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. तोच कागद आडवा पसरला तर लोळतो आणि उभा धरला तर पेलतो. फळी बळकट करण्याच्या सगळ्या युक्त्या या ना त्या रूपाने कागद उभा करण्याच्याच युक्त्या आहेत.

पट्टी खाली दुमडायची की वर, हाही प्रश्न किरकोळ नाही. वर दुमडलेली पट्टी माल पुढे घसरू देत नाही आणि तिच्यावर किंमत लावता येते, म्हणून दुकानदाराला ती आवडते. पण फळी झुकताना वरची बाजू दाबली जाते. तिथे पट्टीची मोकळी कड असेल तर ती डावी-उजवीकडे लहरत जाते आणि एका ठिकाणी मुरगळते. खाली दुमडलेल्या पट्टीची मोकळी कड ताणाखाली असते, आणि ताणलेला कागद लहरत नाही. म्हणून भाराची पट्टी खाली, मालाला अडवणारी छोटी पट्टी वर. जागा असेल तर खालची पट्टी पुन्हा आत वळवून फळीच्या पोटाला चिकटवावी. पोकळ चौकोनी नळी तयार होते आणि ती पिळालाही दाद देत नाही. नळ्यांच्या या ताकदीवर जपानी वास्तुशिल्पी शिगेरू बान यांनी घरे उभी केली, २००१ च्या भूकंपानंतर भूजलाही. किराण्याच्या फळीला तर हातभर लांबीची एक नळी पुरते.

नाशिकमध्ये याहून सोपी एक वस्तू मिळते. द्राक्षाच्या खोक्यांची थप्पी पॅलेटवर बांधताना चारही कोपऱ्यांना कागदाचे थर दाबून केलेल्या ‘एल’ आकाराच्या जाड पट्ट्या लावतात, म्हणजे पट्टा आवळला तरी खोक्याची कड चेपत नाही. याला अँगल बोर्ड किंवा एज बोर्ड म्हणतात. फळीच्या लांबीचा त्याचा तुकडा पुढच्या कडेखाली आतून चिकटवला की वाकलेल्या फळीचीही दुरुस्ती होते, बाहेरून काही दिसत नाही, आणि सगळे कागदाचेच राहते.

आधारांमधले अंतर कमी करणे हा दुसरा उपाय, आणि तो पहिल्याहूनही जबर आहे. सारखा पसरलेला भार असेल तर झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. ६० सेंटिमीटरच्या फळीखाली बरोबर मध्ये एक उभा पडदा टाकला तर प्रत्येक भागाचा झोळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. या पडद्याला लाकडाची गरज नाही. खालच्या फळीपासून वरच्या फळीपर्यंत पोहोचणारा, खाचेत बसवलेला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो. अट एकच, वरपासून खालपर्यंत सगळ्या कप्प्यांचे पडदे एका रेषेत हवेत. एका कप्प्यात मध्यावर आणि खालच्यात चार बोटे बाजूला, असे झाले की वरचा भार खालच्या फळीच्या पोटावर टेकतो आणि टेकूच घात करतो. जाहिरातवाल्यांना हे पडदे नको असतात, कारण मालाची सलग ओळ तुटते. अशा ठिकाणी त्यांचे ऐकू नये.

फ्लूटची दिशा हा कारखान्यातही वादाचा विषय आहे, आणि वाद निरर्थक नाही. उभ्या बाजूंबद्दल दुमत नाही: तिथे नागमोडीच्या नाल्या उभ्याच हव्यात. शीट कापताना कागद वाचावा म्हणून बाजूचा तुकडा आडवा बसवला की नाल्या आडव्या होतात आणि रॅक स्वतःच्या वजनानेही दबू लागतो. फळीचे गणित वेगळे. यंत्रावर कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने त्याचे तंतू जास्त ओळीने लागलेले असतात, आणि त्या दिशेचा ताठपणा आडव्या दिशेच्या दुपटीच्या आसपास असतो. पण नाल्या पडतात त्या या दिशेला काटकोनात. म्हणजे कागदाचा ताठपणा एकीकडे आणि नालीचा ताठपणा दुसरीकडे. नाल्या फळीच्या लांबीला आडव्या ठेवल्या तर कोरा, न चेपलेला पुठ्ठा कमी वाकतो. पण एखादी नाली कुठे दबली असेल तर फळी नेमकी त्या रेषेवर घडी पडल्यासारखी दुमडते. नाल्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर फळी थोडी जास्त झुकते, पण दुमडत नाही. चिवड्याच्या पाकिटांना यातले काहीही चालते. मधाच्या बाटल्यांसाठी दोन थर काटकोनात एकावर एक चिकटवणे हाच निर्णय योग्य; प्लायवूड याच तत्त्वावर टिकते. अमेरिकी वास्तुशिल्पी फ्रँक गेरी यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुठ्ठ्याच्या खुर्च्या केल्या त्याही नालीची दिशा थराआड बदलत.

थर चिकटवताना घाई नडते. पांढरा गोंद पाण्यात असतो. तो लावताक्षणी पुठ्ठा ओला होऊन आणखी मऊ पडतो. सपाट जागेवर वजनाखाली रात्रभर दाबून ठेवले तरच दोन थरांची एक फळी होते. ओली असतानाच ती रॅकमध्ये बसवली तर ती झोळासकट वाळते आणि तो झोळ नंतर निघत नाही. गोंद सगळीकडे फासण्यापेक्षा कडांपर्यंत पोहोचला आहे ना, हे पाहणे महत्त्वाचे. थर सुटायला सुरुवात होते ती कडेपासून.

एवढे करूनही फळी पडते, कारण पुष्कळदा मोडते ती फळी नसतेच. मोडतो तिचा सांधा. फळीच्या टोकाला असलेली दोन बोटे रुंदीची जीभ बाजूच्या खाचेत जाते आणि सगळा भार त्या जिभेवर आणि खाचेच्या खालच्या कडेवर येतो. जीभ जिथे फळीला जोडलेली असते तिथे घडीची रेघ असते, आणि घडीच्या रेघेवर फ्लूट आधीच चेपलेला असतो. खाचेची कड हळूहळू चिरडत खाली जाते, जीभ तिरकी होते आणि निसटते. यावर जिभा रुंद करणे हा अर्धा उपाय झाला. पूर्ण उपाय म्हणजे फळीला जिभेवर टांगायचेच नाही: बाजूच्या भिंतीला आतून दुसरा थर चिकटवून त्याची वरची कड फळीच्या पातळीला ठेवायची. फळी त्या कडेवर सगळ्या खोलीभर टेकते आणि जिभेकडे फक्त तिला जागेवर धरण्याचे काम उरते. लोखंडी दांडी किंवा प्लास्टिकची क्लिप वापरण्याआधी हे करून पाहावे.

आता ओलाव्याकडे. पुठ्ठ्याची चाचणी प्रयोगशाळेत होते ती २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला. नाशिकमध्ये एप्रिलच्या दुपारी हवा याहून खूप कोरडी असते आणि जुलै-ऑगस्टच्या सकाळी खूप दमट. खोकेवाल्यांच्या हस्तपुस्तिकांत दिलेला ठोकताळा असा, की आर्द्रता ८० टक्के झाली तर पुठ्ठ्याची भार पेलण्याची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते आणि ९० टक्क्यांना जवळपास निम्मी होते. काळाचा हिशेब वेगळा: महिनाभर सतत ओझे राहिले तर सुमारे ४० टक्के शक्ती जाते, तीन महिन्यांत ४५ टक्के. दोन्ही एकत्र धरले, तर कोरड्या खोलीत क्षणभर १० किलो पेललेल्या पुठ्ठ्यावर पावसाळ्यात महिनाभर तीन किलोहून जास्त भरवसा ठेवता येत नाही. हे आकडे थप्पीत रचलेल्या खोक्यांसाठी काढलेले आहेत. फळीला ते जसेच्या तसे लागू नाहीत, पण फळीची घसरण त्याच वाटेने होते.

सतत दमट हवेपेक्षाही वाईट असते ती बदलती हवा. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसन येथील फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतले व्ही. एल. बायर्ड यांनी दाखवून दिले, की आर्द्रता वरखाली होत असेल तर भाराखालचा कागद कायम दमट हवेतल्यापेक्षाही जास्त वेगाने लांबतो-आकसतो. दिवाळीचा रॅक नेमका अशा बदलत्या हवेत सापडतो. त्याचा पुठ्ठा भाद्रपदात कापला जातो, गोदामातल्या ओलाव्यात पडून राहतो, ऑक्टोबरच्या उन्हाळ्यात दुकानात उभा राहतो. दिवसा दार उघडे, काही ठिकाणी वातानुकूलन, रात्री बंद दुकानातली कोंदट हवा. त्यातून दर्शनी बाजूला प्लास्टिकचे चकचकीत लॅमिनेशन आणि मागची बाजू उघडी असेल, तर उघडा कागद ओलावा घेऊन फुगतो, झाकलेला तसाच राहतो, आणि फळी मालाविनाच बाक धरते. लॅमिनेशन दोन्ही बाजूंना करावे किंवा एकाही बाजूला करू नये. कापलेल्या कडा कागदी टेपने बंद करणे याहून स्वस्त आणि जास्त उपयोगी, कारण नाल्यांची उघडी तोंडे हाच ओलाव्याचा हमरस्ता असतो. पुठ्ठ्याचे थर जोडणारी खळ बहुधा मक्याच्या स्टार्चची असते, आणि पाणी लागले की ती सुटते.

पाणी लागते ते पावसाचे नव्हे, पोछ्याचे. दुकानात दररोज फरशी पुसली जाते आणि रॅकचा तळ फिनाइलच्या पाण्यात बोटभर भिजतो. उभ्या नाल्या ते पाणी वर ओढतात. वरच्या फळ्या कितीही बळकट केल्या तरी तळ मऊ झाला की सगळा रॅक पुढे कलतो. खाली प्लास्टिकचा उथळ ट्रे, नाहीतर दोन लाकडी पट्ट्या, एवढ्याने हे टळते. जड माल तळच्या कप्प्यात आणि हलका वर, हा नियम ठाऊक सगळ्यांना असतो. पाळला जात नाही, कारण विकायचा माल डोळ्यांच्या उंचीवर लागतो. तसे करायचेच असेल तर रॅक मागच्या भिंतीला दोरीने बांधावा.

नाशिकच्या मालात वजनाचा फरकही मोठा आहे. चिवड्याची पाकिटे कप्पा भरून टाकतात आणि वजन दोन-तीन किलोच्या वर जात नाही. त्यांना दुमडलेल्या कडेची तीन प्लायची फळी महिनोन्‌महिने पुरते. मनुक्यांचे वजन त्याच जागेत कितीतरी जास्त होते. वाइनची ७५० मिलिलिटरची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास असते. डझनभर बाटल्या म्हणजे पंधरा किलो, आणि तेही बाटलीच्या बुडाच्या अरुंद वर्तुळांवर. अशा मालाला फळी नकोच. बाटल्या ज्या खणांच्या खोक्यात आल्या त्याच खोक्याचा दर्शनी भाग कापून खोकी एकावर एक रचावीत. खोक्याचे चार कोपरे थप्पीचा बहुतांश भार पेलतात, म्हणून कापताना कोपऱ्यापासून किमान चार बोटे पुठ्ठा राखावा.

बळकटी कुठे थांबवायची, हेही ठरवावे लागते. कागदाच्या पट्ट्या, नळ्या, पडदे आणि दुहेरी थर यांनी ६० सेंटिमीटरची फळी हंगामभर आठ-दहा किलो नेटाने पेलू शकते. त्यापुढे लोखंडी दांड्या, प्लायवूडचे तुकडे, प्लास्टिकच्या क्लिपा चढवत गेले की किंमत लाकडी मांडणीच्या जवळ पोहोचते, आणि दिवाळीनंतर तो रॅक रद्दीवालाही घेत नाही, कारण कागदातून लोखंड आणि प्लास्टिक सोडवत बसायला त्याला परवडत नाही. निव्वळ कागदाचा रॅक मात्र बांधून गिरणीत जातो आणि पुन्हा क्राफ्ट होऊन येतो. जिथे फळीला लोखंडाशिवाय उभे राहता येत नाही, तिथे पुठ्ठ्याचा हट्ट सोडून लाकडी मांडणी आणावी.

रॅक मागवणाऱ्याने छपाईच्या नमुन्यासोबत कारखान्याला तीन गोष्टी लिहून द्याव्यात: एका फळीवर किती किलो माल बसणार, रॅक किती दिवस उभा राहणार आणि कोणत्या महिन्यांत. नमुन्याचा पहिला रॅक आला की ठरलेल्या वजनाच्या दीडपट माल भरून तो दोन दिवस तसाच ठेवावा आणि फळीच्या दोन टोकांमध्ये दोरा ताणून झोळ मोजावा. ६० सेंटिमीटरला तो चार-पाच मिलिमीटरच्या वर गेला, तर बाकीची ऑर्डर सोडू नये.